खोलीत आणखी कोण आहे?

इकालुलिक, १४ जानेवारी

लीटिया,

फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. तुझ्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून कचेरीच्या पत्त्यावर. पाकिटावरचं तुझं पद तुमच्याच चिठ्ठीवरून उतरवून घेतलं: दुभाषी व माहिती अधिकारी, कामगार दुखापत भरपाई. पाकिटावर तुझ्या नावाला जेमतेम जागा उरली.

तुमची चिठ्ठी परवाच्या विमानाने आली. दोन भाषांत आहे. आपल्या भाषेतली तूच लिहिली असणार. एकही चूक नाही आणि एकही माणूस असं बोलत नाही, म्हणजे तूच. ‘काम करताना दुखापत झाल्याचे अर्जदाराने सांगितले नाही. त्यानंतर शिकारीला गेल्याचे मात्र सविस्तर सांगितले. सबब अर्ज नामंजूर.’

अर्जदार म्हणजे माझे वडील, अकीशू. तूही ज्यांना ‘अताता’ म्हणायचीस ते. दोन वर्षं आमच्या टेबलाशी बसून ज्यांच्या हातचं मांस खाल्लंस ते.

सहा नोव्हेंबरला पाण्याची गाडी घेऊन ते पाद्रीच्या घराची टाकी भरायला गेले. पायऱ्यांवर गोठलेलं पाणी, खांद्यावर नळी. पाय सटकला तो थेट खाली, उजव्या खांद्यावर. तशाच खांद्याने उरलेल्या अकरा घरांना पाणी घातलं, कारण लोक वाट बघत असतात. मग मुकादम टेरीला सांगायला गेले. टेरी म्हणाला, जा घरी, खांद्यावर बर्फ लाव. बाहेर उणे अडतीस होतं. अतातांना त्या वाक्याचं इतकं हसू आलं, की आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते.

आणि नऊ डिसेंबरचा तो फोन. तुमची ग्रीअर बाई इंग्रजीत विचारत होती, तू आपल्या भाषेत. कामावर असताना पडलात का? अतातांनी भुवया उंचावल्या. पाणी भरत होतात का? पुन्हा भुवया. मुकादमाला सांगितलंत का? भुवया, आणि टेरीची आठवण होऊन हसू. तुला शहरात राहून विसर पडला असेल म्हणून सांगतो. आपल्याकडे ‘हो’ भुवयांनी म्हणतात आणि ‘नाही’ नाक आक्रसून. हे तू पाळण्यात शिकलीस. तरी कागदावर काय आलं? ‘अर्जदार गप्प.’

मग बाईने विचारलं, त्या दिवसानंतर कुठे बाहेर गेला होतात का? तेव्हा मात्र ते बोलले. वीस मिनिटं बोलले. वारा कुठून होता, सील श्वास घ्यायला वर येतो त्या बर्फातल्या भोकापाशी किती वेळ उभे होते, डाव्या हाताने बंदूक कशी पेलली. शिकारीबद्दल विचारल्यावर गप्प बसणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मला नाही. तेही तुला माहीत होतं. तू एकेक शब्द इंग्रजीत करून दिलास, हसत हसत, आणि त्यातूनच त्यांचा फास वळला.

शाबास. कॉलेज पूर्ण केल्याचं सार्थक झालं.

जोमी


इकालुलिक, ३ फेब्रुवारी

लीटिया,

मी तुला पत्र लिहिलं होतं. कचेरीने उत्तर दिलं. ‘आपले पत्र मिळाले. फेरतपासणीची मुदत ३१ मार्च. प्रसंगी हजर असलेल्या व्यक्तीचे निवेदन जोडावे अथवा फोनवरून द्यावे.’ खाली तुझी सही, सोबत चाळीस पत्रकांचा गठ्ठा. मी काय तुमचा पोस्टमन आहे?

तरी लावलं एक, आई काम करते त्या दुकानात. चित्रात विटांच्या घराला शिडी लावलेली, शिडीवरून एक गोरा माणूस पडतोय, खाली हिरवं गवत. गावचा रेडिओ चालवणाऱ्या म्हाताऱ्या ऊलुताने चष्मा पुसून ते पाहिलं आणि म्हणाली, “या माणसाला काय धाड भरलीय? गवतावर तर पडतोय.” अख्खं दुकान हसलं. खालची सहा ओळींची सूचना कोणी वाचली नाही. ती मी वाचली. ‘दुखापत झाल्यास तीन दिवसांत कळवा.’ कळवलं होतं. ज्याला कळवलं तो बर्फ लाव म्हणाला.

हसण्यावारी नेतोय असं समजू नकोस. तुमच्या त्या चिठ्ठीची एक प्रत गावकचेरीत गेली आणि टेरीने ती गॅरेजमध्ये कॉफी पिताना सगळ्यांना वाचून दाखवली. आता तो सांगत फिरतो, की अकीशूने खांदा सीलच्या मागे मोडला आणि कामावर ढकलला. तो बाहेरचा माणूस, दोन वर्षांनी जाईल. पण ऐकणारे आपले आहेत.

तुला आठवतं, शुक्रवारी आमच्या दारात बुटांचा ढीग असायचा? बर्फावर जाण्याआधी सगळे अतातांना विचारायला यायचे, गोठलेल्या सामुद्रधुनीवरून गाडी नेऊ का, कुठे पातळ आहे. अकीशूने ‘जा’ म्हटलं की बायका निर्धास्त झोपायच्या. गेल्या शुक्रवारी दोनच जोड होते. कालच्या शुक्रवारी एकही नाही. अताता चहाची किटली भरून बसले होते. मग म्हणाले, “हवा वाईट आहे, कोणी जात नसेल.” हवा स्वच्छ होती. खिडकीतून सहा स्नो-स्कूटर बर्फावर जाताना दिसत होत्या.

पैसे राहू देत. डाव्या हाताने नळी ओढतात आणि पोटापुरतं आहे. ज्याच्या शब्दावर गाव बर्फावर पाय ठेवतं, त्याला तुम्ही खोटा ठरवलंत, तेही शिक्का मारून.

तू गेल्या हिवाळ्यात माझ्याबरोबर परत आली असतीस तर हे झालं नसतं. विमानतळावर मी दोन तिकिटं घेऊन उभा होतो. हो, त्या दिवशी दुभाषी कॉलेजच्या वर्गात मी वही फेकली. मास्तरांनी असलंच एक पत्रक भाषांतराला दिलं होतं आणि मी त्यावर लिहिलं होतं, ‘अशी माणसं आमच्याकडे राहत नाहीत.’ त्यांनी शून्य दिलं. तू त्याच पत्रकाला पैकीच्या पैकी मिळवलेस आणि मला म्हणालीस, कोणीतरी आत राहून हे सुधारायला हवं, जोमी. सुधारलंस ना? चित्रात गवत आहे.

जोमी


इकालुलिक, २० फेब्रुवारी

लीटिया,

या वेळी साधं पाकीट, हाताने लिहिलेल्या बारा ओळी. पाकीट मी शेडमध्ये नेऊन, दार लावून फोडलं, हे सांगून टाकतो, म्हणजे नंतर तू ते माझ्या तोंडून काढायला नको. मला वाटलं काही वेगळं असेल.

तू लिहितेस, ग्रीअर बाईला तू फोनच्या आधीच सांगितलं होतंस, की आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे नकार नव्हे. बाई म्हणाली, नोंद शब्दांचीच होते. मग तू प्रत्येक प्रश्न तीन-तीनदा विचारलास आणि म्हणालीस, “अताता, तोंडाने सांगा, मला तुम्ही दिसत नाही.” आणि ते हसले. दुभाषीने जे बोललं गेलं तेवढंच सांगायचं असतं, न बोललेलं भरलं तर उद्या कोणाच्याही तोंडी काहीही घालता येईल. ठीक. नियम तुझे पाठ आहेत. माझेही होते.

पण पुढे तू मला पकडायला निघालीस. तू लिहितेस: ‘ते टेरीच्या आठवणीने हसले, हे तुला कसं कळलं? मला नुसतं हसू ऐकू आलं, कशाचं ते नाही. आणि दुसऱ्या प्रश्नानंतर एक खुर्ची सरकली. तुमच्याकडची आखूड पायाची ती खुर्ची मी दोन वर्षं वापरली आहे.’

कसली गुप्तहेर झालीस तू. मला अतातांनी सांगितलं. नंतर. मी दुकानात होतो, आईला खोकी उतरवू लागत होतो. खुर्ची वाऱ्याने सरकली असेल.

सुरुवातीलाच तुझ्या बाईने विचारलं होतं ना, खोलीत आणखी कोण आहे? काय उत्तर आलं? “कोणी नाही.” तेवढे शब्द तर नोंदले असतील? मग झालं. तुमची नोंद म्हणजे देववाणी.

तुझं शेवटचं वाक्य: ‘मुदत ३१ मार्चला संपते, जोमी, आणि हजर असलेल्या माणसाशिवाय माझ्या हातात काही नाही.’ तुझ्या हातात कधी काय होतं? एका दिवसात चौदा फोन केले होते मी तुला. पंधराव्याला तू मला बंद केलंस. तेव्हा बरं तुझ्या हातात होतं.

जोमी


इकालुलिक, १४ मार्च

लीटिया,

तुझं विमान आज सकाळी उडालं तेव्हा मी धावपट्टीच्या कुंपणाशी होतो. तू वर पाहिलं नाहीस. मीही हात केला नाही.

पत्रक समजावायला म्हणून आलीस आणि चार दिवस गावात होतीस, त्यातले तीन वादळामुळे. मी तुझ्यासमोर आलो नाही. ऊलुता म्हणते, लांडगा कुत्र्यांपासून तोंड लपवतो तसा मी फिरत होतो. म्हणू दे. तिच्या रेडिओवर मात्र मी कान लावून होतो, शेडमध्ये स्कूटरचा पट्टा बदलत.

आधी तू पत्रक वाचलंस. पाच मिनिटं. फोन आला नाही. ऊलुताने मध्येच कोणाचा तरी हरवलेला हातमोजा जाहीर केला. मग तू कागद बाजूला ठेवला असावास, कारण तुझा आवाज बदलला. म्हणालीस, “फोनवर तुमचं तोंड दिसत नाही. भुवया कितीही वर न्या, टोपीत गेल्या तरी शहरातल्या बाईला ऐकू येत नाहीत. पडलात, भाजलात, बोट गेलं, तर तोंडाने ‘हो’ म्हणा. उद्धट वाटलं तरी म्हणा. मी ऐकतेय.” शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज आला, भिंतीतून. आणि फोन वाजायला लागला. मी मोजले, नऊ. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाची कंबर, शाळेतल्या स्वयंपाकिणीचा भाजलेला हात, तीन-तीन वर्षांपूर्वीचं. एक जण तर फोनवर नुसताच श्वास घेत होता. तू म्हणालीस, “तोंडाने, काका.” तो म्हणाला, “हो.” गाव पुन्हा हसलं.

मला आनंद झाला असेल असं वाटून घेऊ नकोस. मला राग आला. हे तू डिसेंबरच्या आधी येऊन सांगायचं होतंस.

काल संध्याकाळी तू आमच्याकडे जेवलीस. हरणाचं मांस शिजल्याचा वास शेडपर्यंत आला होता. तू गेल्यावर मी घरात आलो, तर अताता खांदा शेकत बसले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. ते कधीच विचारत नाहीत, त्याचाच मला संताप येतो. मीच तडकलो, की उरलेत अठरा दिवस, तुम्हीच का नाही सांगत तिला, की त्या दिवशी मी इथेच होतो?

अताता म्हणाले, “ते माझं नाही सांगायचं. ते तुझं आहे.”

तर ऐक. मी इथेच होतो. त्या आखूड खुर्चीवर, टेबलाच्या या बाजूला, फोनपासून हातभर अंतरावर. फोन लागला आणि आधी तुझा आवाज आला. दहा महिन्यांनी. तू विचारलंस, “खोलीत आणखी कोण आहे?” अतातांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक आक्रसलं. नाही म्हणा. ते तोंडाने म्हणाले, “कोणी नाही.” मी त्यांना खोटं बोलताना ऐकलेली ती पहिली वेळ.

मग ते भुवया उंचावत राहिले. तू तीनदा विचारत राहिलीस आणि मी बघत राहिलो. एक शब्द पुरला असता. ‘ते हो म्हणतायत, लीटिया.’ एवढा. मला इंग्रजी येतं, आपली भाषा येते, तुझ्याइतकाच शिकलोय, निम्मा का होईना. पण तो शब्द बोललो असतो तर मी तिथे आहे हे तुला कळलं असतं. तुझा आवाज ऐकायला मी चोरासारखा बसलोय हे कळलं असतं. त्यापेक्षा बापाचा खांदा गेला तरी चालेल, असं मला वाटलं. असं वाटलं, हे लिहितोय.

आता तिढा कळला ना? मी होतो म्हणून सांगितलं, तर ‘कोणी नाही’ हे अतातांचं वाक्य खोटं ठरतं. तुमच्या कचेरीला हवाच आहे एक खोटारडा. टेरी ते पुन्हा वाचून दाखवील. नाही सांगितलं, तर ३१ तारीख जाते आणि गाव समजायचं ते समजतं.

हे पत्र वेळेत पोचेल की नाही माहीत नाही. वादळ परत येतंय म्हणतात.

जोमी


इकालुलिक, २४ एप्रिल

लीटिया,

निकाल आला. मंजूर. शनिवारी पाद्रीच्या पायऱ्यांवर टेरी स्वतः वाळू टाकत होता, आणि काल दारात बुटांचे चार जोड होते. खांदा मात्र तसाच आहे, दक्षिणेच्या डॉक्टरची तारीख जूनमधली. हे तुला कचेरीतून कळलंच असेल. मी त्यासाठी लिहीत नाही.

निवेदन द्यायला मी मागून घेतलेल्या तीस मार्चच्या फोनची तुझी बाजू तुला ठाऊक आहे. आमची नाही.

टेबलावर फोन, एका बाजूला अताता, एका बाजूला मी. त्या फेरतपासणीवाल्याने विचारलं, खोलीत कोण कोण आहे, आणि तू ते आपल्या भाषेत विचारलंस, तुझ्या कचेरीच्या आवाजात. अताता म्हणाले, “मी आणि माझा मुलगा जोमी.” मग न विचारताच पुढे म्हणाले, “मागच्या वेळीही तो होता. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं.” मी त्यांना तसं सांगायला सांगितलं नव्हतं. माझ्या वाट्याचं मी बोलणारच होतो, रात्रभर घोकलं होतं. त्यांनी आपल्या वाट्याचं आधी उचलून टाकलं आणि चहा ओतायला लागले, डाव्या हाताने, टेबलभर सांडत.

मग त्या माणसाने मला विचारलं. मी इंग्रजीत सांगू शकलो असतो. तो माणूस म्हणालाही, तुला इंग्रजी येतं असं इथे लिहिलंय. मी म्हणालो, मी माझ्या भाषेत सांगणार. तुला वाटलं असेल, अतातांना कळावं म्हणून. थोडंसं तेही होतं. पण खरं कारण वेगळं. दुभाषीने ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नसतं. समोरचा ‘मी’ म्हणाला की दुभाषीनेही ‘मी’च म्हणायचं. हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि तेवढं तरी मी कॉलेज सोडण्याआधी शिकलो होतो. तुझ्या नियमाने तुलाच धरायचं ठरवून बसलो होतो. तुला दुखवायचं होतं मला. खोटं का बोलू.

पायऱ्या, नळी, भुवया, टेरीला सांगितलं होतं ते, सगळं सांगितलं. कुठे काय पाहिलं, कोणत्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं. तू भराभर इंग्रजी करत होतीस, एकही अडखळ नाही. मग त्याने विचारलं, मग तेव्हा तू का बोलला नाहीस?

मी म्हणालो, “माझ्या बापाला मी खोटं बोलायला लावलं. दुभाषीवर माझं प्रेम आहे. तिला माझा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून मी गप्प बसलो. चूक माझी आहे, त्यांची नाही.”

आणि फोन गप्प झाला.

अताता सांडलेला चहा पुसायचे थांबले. मला वाटलं, आता तू म्हणशील, मला हे करता येणार नाही, दुसऱ्या कोणाला बोलवा. तसं म्हणण्याचा तुला हक्क होता. मग दुसरा दुभाषी, दुसरी तारीख, आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. त्या क्षणाला मला कळलं, मी तुला धरायला लावलेल्या सापळ्यात अतातांनाच ठेवलं होतं. दुसऱ्यांदा.

तेवढ्यात तुझा आवाज आला. हळू, पण स्पष्ट, इंग्रजीत, आमच्या टेबलावर. माझ्या बापाला मी खोटं बोलायला लावलं. दुभाषीवर माझं प्रेम आहे. पुढचंही सगळं. एक शब्द गाळला नाहीस, एक घातला नाहीस. तो माणूस खाकरला आणि म्हणाला, आणखी काही? तू ते मला विचारलंस. मी नाही म्हणालो, तोंडाने.

फोन ठेवल्यावर अतातांनी टेबल पुसून घेतलं. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण तुझा आवाज कळतो. म्हणाले, “पोरीचा आवाज बारीक झालाय. तिकडे तिला नीट खायला मिळत नसेल. मांस पाठव.”

म्हणून हे खोकं. आत हरणाचा पुढचा पाय आहे, आणि वाळवलेला मासा. ते अतातांकडून. विमानवाल्याला सांगितलंय, गरम जागी ठेवू नकोस. माझ्याकडून आत काही नाही, शोधू नकोस. मला अजून तुझा राग आहे, तो कशाचा हे आता मला सांगता येत नाही, एवढाच फरक.

खोकं मात्र मी बांधलंय. गाठी ओल्या दोरीच्या आहेत, आवळल्यात. नखांनी सुटायच्या नाहीत. सुरी घे.

जोमी